क्षणाचा ताठपणा, तासांचं वाहणं

सिलिकॉनच्या पुटीचा एक गोळा हातात घ्या, नीट गोल करा आणि जमिनीवर आपटा. तो रबरी चेंडूसारखा उसळतो. आता तोच गोळा टेबलावर ठेवून द्या आणि अर्ध्या तासाने या. गोळ्याची चपटी थापी झालेली असते आणि कडेने ती पसरायलाही लागलेली असते. दोन्ही हातांत धरून हळू ताणली तर लांबच लांब तार निघते, झटका दिला तर तटकन तुटते आणि तुटलेली कड काचेच्या कपच्यासारखी स्वच्छ दिसते.

ही वस्तू घन आहे की द्रव? प्रश्नच अर्धा विचारलाय. किती वेळासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. जमिनीवर आपटल्यावर गोळा टेकतो आणि उसळतो ते काही मिलिसेकंदांत. तेवढ्या वेळात आतल्या रेणूंना आपली मांडणी बदलायला सवड मिळत नाही, म्हणून गोळा फक्त दबतो आणि दाबलेल्या स्प्रिंगसारखा परत उसळी घेतो. अर्ध्या तासात मात्र सवडच सवड असते.

ही 'सवड' मोजायची कशी, ते जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६७ मध्ये सांगून ठेवलं. कुठल्याही द्रवाला अचानक तिरका ताण दिला, म्हणजे पत्त्यांच्या जुडीचा वरचा भाग सरकवावा तसा त्याचा वरचा थर झटकन सरकवला, तर पहिल्या क्षणी तो द्रव घनासारखाच विरोध करतो. मग आतला ताण हळूहळू ओसरत जातो. हा ताण ओसरण्याला शास्त्रज्ञ रिलॅक्सेशन म्हणतात. आपण त्याला सैलावणं म्हणू, कारण नेमकं तेच होत असतं. मॅक्सवेलचं सूत्र एका ओळीचं आहे: सैलावायला लागणारा काळ म्हणजे द्रवाची श्यानता भागिले त्याचा तात्कालिक ताठपणा. श्यानता म्हणजे वाहायला होणारा विरोध, ज्याला आपण बोलताना घट्टपणा म्हणतो. आणि तात्कालिक ताठपणा म्हणजे त्या पहिल्या क्षणी, रेणूंना हलायला वेळच न देता, तिरक्या ताणाला द्रव किती विरोध करतो ते. पुस्तकात त्याला तात्कालिक शिअर मॉड्युलस म्हणतात.

पाण्याचे आकडे घालून बघा. श्यानता पास्कल-सेकंदाचा हजारावा भाग, तात्कालिक ताठपणा ढोबळमानाने एक अब्ज पास्कल. भागाकार येतो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका, म्हणजे एक पिकोसेकंद. पाणीसुद्धा घन असतं, पण एक पिकोसेकंदच. त्याहून जास्त वेळ घेणारी कुठलीही गोष्ट, म्हणजे आपण आयुष्यात पाण्याशी जे जे करतो ते सगळं, त्याच्या दृष्टीने इतकं सावकाश असतं की त्याला वाहायला अनंत सवड मिळते.

आता दुसरं टोक. बहुतेक द्रव थंड केले की एका ठराविक तापमानाला गोठतात, म्हणजे त्यांचे रेणू शिस्तीत रांगा लावून स्फटिक बनवतात. पण काही द्रवांना ही शिस्त जमत नाही, किंवा आपण इतक्या झपाट्याने थंड करतो की त्यांना जमवून घेता येत नाही. ते गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहतात, फक्त घट्ट होत जातात. ग्लिसरीन तसं १८ अंश सेल्सिअसला गोठायला हवं, पण नुसतं थंड केलं तर सहसा गोठत नाही, नुसतं जड होत जातं आणि उणे ८० अंशांच्या थोडं खाली काच होऊन बसतं. काच होणं म्हणजे काय? सैलावण्याचा काळ साधारण १०० सेकंदांवर गेला की त्या द्रवाला काच म्हणायचं, असा संकेत आहे. श्यानता तेव्हा पास्कल-सेकंदांत एकावर बारा शून्यं इतकी असते. हा संकेत आपल्या सोयीचा आहे. माणसाची सहनशक्ती तासाभराची असल्यामुळे १०० सेकंद ठरले, आपण माश्यांसारखे दोन-चार आठवडेच जगत असतो तर कदाचित काच-तापमान थोडं वर धरलं असतं.

इथे एका लाडक्या गैरसमजाला हात लावायलाच हवा. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड असतात, कारण काच शतकानुशतकं हळूहळू ओघळते, असं अजूनही वर्गात सांगितलं जातं. मध्ययुगीन काचेसारखी काच बनवून तिची श्यानता अभ्यासली तेव्हा हिशेब निघाला की साध्या तापमानाला ती एक अब्ज वर्षांत जेमतेम एक नॅनोमीटर ओघळेल. त्या काळी काच बनवण्याची पद्धतच अशी होती की तावाची जाडी सगळीकडे सारखी यायची नाही, आणि बसवणारा माणूस जाड कड खाली ठेवायचा. बस, एवढंच.

डांबराचं उदाहरण मात्र खरं आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षा जास्त शिकवतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकाने १९२७ मध्ये तापवलेलं डांबर नरसाळ्यात ओतून ठेवलं, तीन वर्षं त्याला बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. पहिला थेंब पडला १९३८ मध्ये, नववा २०१४ मध्ये. हेच डांबर हातोड्याने ठोकलं तर ठिकऱ्या उडतात. आता पटकन वाटतं की याचा सैलावण्याचा काळ आठ-दहा वर्षांचा असणार. पण मॅक्सवेलचा भागाकार करा. डांबराची श्यानता पाण्याच्या वीस-पंचवीस हजार कोटी पट धरली तरी सैलावण्याचा काळ सेकंदाच्याही आत येतो. म्हणजे डांबराचे रेणू क्षणोक्षणी आपली मांडणी बदलत असतात. थेंबाला वर्षं लागतात ती, ओढणारं वजन अगदी कमी आणि वाट अरुंद म्हणून. सैलावणं वेगळं आणि ओघळून खाली पडणं वेगळं, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं सोपं जातं.

आता खरा तिढा. पाण्यापासून काचेपर्यंत जाताना श्यानता एकावर पंधरा शून्यं इतक्या पटीने वाढते. तात्कालिक ताठपणा? तो फार तर पाच-दहा पट. मॅक्सवेलच्या भागाकारात ताठपणा जवळजवळ स्थिर आकडा आहे, सगळा खेळ श्यानतेचा. त्यामुळे बराच काळ बहुतेकांनी ताठपणाकडे फारसं लक्ष दिलं नाही. द्रवाचा ताठपणा तो काय, आणि तोही पिकोसेकंदापुरता. त्याचा तासनतास चालणाऱ्या वाहण्याशी काय संबंध?

संबंध आहे असं म्हणणारा एक पंथ आहे, आणि हा लेख त्याच पंथाबद्दल आहे.

टेकडी वाढत का जाते

घट्ट द्रवात एक रेणू जागचा हलायचा म्हणजे शेजाऱ्यांच्या कोंडाळ्यातून वाट काढायची. त्यासाठी ऊर्जेची एक टेकडी चढावी लागते. ही ऊर्जा येते उष्णतेच्या अंधाधुंद धक्क्यांमधून, म्हणजे नशिबाने. तापमान जितकं कमी तितके मोठे धक्के दुर्मीळ. टेकडीची उंची भागिले तापमान हा आकडा घातांकात बसतो, म्हणून तो जरा वाढला की वाट बघण्याचा काळ भसाभस वाढतो. रेणू एका जागी थरथरत दर सेकंदाला साधारण एकावर तेरा किंवा चौदा शून्यं इतके प्रयत्न करतो. तरीही काच-तापमानाला एक प्रयत्न यशस्वी व्हायला १०० सेकंद लागतात. उलटा हिशेब केला तर त्या वेळी टेकडी उष्णतेच्या सरासरी धक्क्याच्या सुमारे ३७ पट उंच असते.

टेकडीची उंची तापमान बदललं तरी तीच राहत असती, तर गोष्ट इथेच संपली असती. सिलिका, म्हणजे शुद्ध वाळूची काच, जवळपास असंच वागते. पण बहुतेक सेंद्रिय द्रव तसं वागत नाहीत. थंड करावं तसतसे ते अपेक्षेपेक्षा फार वेगाने घट्ट होतात, म्हणजे त्यांची टेकडी स्वतःच वाढत जाते. ऑस्टेन एंजेल यांनी १९८० च्या दशकात पहिल्या प्रकाराला दणकट आणि दुसऱ्याला नाजूक द्रव म्हणायला सुरुवात केली. फुटण्या-तुटण्याशी या नाजूकपणाचा काही संबंध नाही. नाव दिशाभूल करणारं आहे, पण आता रूढ झालंय. काच-तापमानाजवळ काळ किती झपाट्याने वाढतो याचा एक निर्देशांक आहे: सिलिकाचा २० च्या आसपास, ग्लिसरीनचा ५० च्या थोडा वर, आणि प्रयोगशाळांचा आवडता ऑर्थो-टरफिनाइल हा द्रव ८० च्या घरात.

म्हणजे काच-संक्रमणाचा एक मोठा प्रश्न एका वाक्यात मावतो: टेकडी का वाढते? फिलिप अँडरसन यांनी १९९५ मध्ये काचेचं स्वरूप हा घनपदार्थशास्त्रातला बहुधा सगळ्यात खोल आणि सगळ्यात रंजक न सुटलेला प्रश्न आहे असं लिहिलं होतं. तो अजून सुटलेला नाही. एक जुनं उत्तर १९६५ मध्ये अ‍ॅडम आणि गिब्ज यांनी दिलेलं: तापमान उतरलं की रेणूंना उपलब्ध असलेल्या मांडण्या कमी होत जातात, म्हणून हलायचं तर जास्त जास्त रेणूंना मिळून, एकमेकांशी जुळवून घेत हलावं लागतं. गट मोठा, तर टेकडी मोठी. सुंदर कल्पना आहे आणि तिचे पाठीराखे भरपूर आहेत.

दुसरं उत्तर अधिक साधं, जवळजवळ गावंढळ म्हणावं असं. टेकडी वाढते कारण आजूबाजूचा द्रव ताठ होत जातो.

खांदा मारून जागा करणं

गच्च भरलेल्या बसमध्ये तुम्ही उभे आहात आणि तुम्हाला नुसतं मागे वळायचंय. सगळे खांद्याला खांदा लावून उभे असले तर वळणं अशक्य. आधी कोपराने, खांद्याने आजूबाजूच्यांना जरा रेटायचं, दोन इंच जागा करायची, झटकन वळायचं, मग सगळे परत होते तसे. खर्च कशाचा झाला? वळण्याचा जवळजवळ नाहीच, रेटण्याचा झाला. आणि रेटायला किती जोर लागेल ते शेजारी किती ताठ उभे आहेत त्यावर.

डेन्मार्कमधल्या रोस्किल्डे विद्यापीठातले येप्पे डूरे, निल्स बोए ओल्सेन आणि टागे क्रिस्टेन्सेन यांनी १९९६ मध्ये मांडलेलं प्रारूप हेच सांगतं. त्याचं इंग्रजी नाव 'शोव्हिंग मॉडेल', म्हणजे शब्दशः रेटारेटीचं प्रारूप. विज्ञानात इतकं सरळ नाव क्वचित सापडतं. कल्पनेची मुळं जुनी आहेत: टोबोल्स्की, पॉवेल आणि आयरिंग यांनी १९४३ मध्येच टेकडीची उंची आणि ताठपणा यांचं नातं सुचवलं होतं. पण रेटारेटीचा हिशेब नीट मांडला तो रोस्किल्डेकरांनी.

रेणूंना वळण्यासाठी जागा का हवी? दोन रेणू जवळ आणायला गेलं की विरोध एकदम भिंतीसारखा वाढतो, पण लांब नेताना ओढ हळूहळूच वाढते. त्यामुळे घनता तीच ठेवून रेणूंना एकमेकांवरून घासत नेणं फार महाग पडतं. त्यापेक्षा क्षणभर आपला छोटासा टापू थोडा फुगवावा, त्या मोकळ्या जागेत मांडणी बदलावी आणि मग परत आक्रसावं, हे स्वस्त.

हे फुगणं पिकोसेकंदात होतं. भोवतालचा द्रव सैलावायला मात्र मिलिसेकंद, सेकंद, मिनिटं घेतो. म्हणजे त्या छोट्या टापूच्या दृष्टीने भोवतालचा द्रव हा द्रवच नाही, तो घन आहे. घट्ट द्रवाचा रेणू जवळजवळ सगळा वेळ घनातच राहतो, अधूनमधून एखादी उडी मारतो. १९६९ मध्ये मार्टिन गोल्डस्टीन यांनी हे चित्र मांडलं होतं, आणि मला तरी वाटतं की काच समजून घेण्यातली ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे: काचेला गोठलेला द्रव म्हणून बघण्याआधी घट्ट द्रवाला वाहणारा घन म्हणून बघा. मग त्या तासनतासांच्या वाहण्यात पिकोसेकंदाचा ताठपणा कुठून आला, याचं नवल उरत नाही. उडीच पिकोसेकंदात मारायची आहे. तासन् तास जातात ते तेवढा मोठा धक्का नशिबाने मिळायची वाट बघण्यात.

यातला एक बारकावा मला फार आवडतो. टापू फुगला म्हणजे भोवतालचा द्रव दाबला जाणार, असं कुणालाही वाटेल. मग खर्च ठरवायला द्रव किती दाबता येतो ते बघायला हवं. पण तसं होत नाही. फुगणाऱ्या गोळ्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे आहेत असं समजा. गोळा फुगला की प्रत्येक पापुद्रा बाहेर सरकतो, त्याचा घेर वाढतो आणि त्याच प्रमाणात तो पातळ होतो. घेर वाढला, जाडी घटली, पापुद्र्याचं घनफळ जसंच्या तसं. कुठेच काही दाबलं जात नाही, नुसता आकार बिघडतो. आणि घनफळ न बदलता आकार बिघडवण्याला विरोध करतो तो शिअर मॉड्युलस, आपला तात्कालिक ताठपणा. म्हणून रेटारेटीच्या हिशेबात टेकडीची उंची म्हणजे ताठपणा गुणिले एक ठराविक छोटं घनफळ. ते घनफळ तापमानाने फारसं बदलत नाही असं धरतात. आकडे घातले तर ते एखाद्या रेणूच्या आकाराच्या आसपास, किंवा त्याच्या काही हिश्श्याइतकं निघतं. हे शोभणारं उत्तर आहे. डोंगराएवढं किंवा अणूच्या शंभराव्या भागाएवढं निघालं असतं तर कल्पना तिथेच सोडावी लागली असती.

आता मघाचा तिढा उलगडतो. ताठपणा फक्त काही पटींनी बदलतो हे खरं, पण तो बसलाय घातांकात. समजा, एका काल्पनिक द्रवाचं काच-तापमान २५० केल्विन आहे. तिथे टेकडी धक्क्याच्या ३७ पट. द्रव १० टक्के गरम केला, २७५ केल्विनला नेला. टेकडी तीच राहिली तर ३७ चे होतात ३३.६, आणि सैलावणं सुमारे ३० पट वेगवान होतं. पण तेवढ्याच तापवण्यात ताठपणा २० टक्क्यांनी उतरला असेल तर? ३७ गुणिले ०.८ भागिले १.१, म्हणजे जवळपास २७. दहाचा फरक घातांकात गेला की वेग वाढतो २० हजार पटींहून जास्त. ताठपणातली पाचव्या हिश्श्याची घट आणि वेगात ३० पटींऐवजी हजारो पटींची वाढ. नाजूक द्रवांचं सगळं नाजूकपण इथून येतं, असा हा दावा आहे.

पण द्रवाचा ताठपणा इतका झटपट उतरतो का? स्फटिक गरम केला तर त्याचा ताठपणा अगदी सावकाश कमी होतो, कारण रांगा त्याच राहतात, अंतरं तेवढी थोडी वाढतात. काचेचंही तसंच, तिची मांडणी गोठलेली. घट्ट द्रवाचं तसं नसतं. प्रत्येक तापमानाला तो आपली अख्खी मांडणी नव्याने लावून घेतो, आणि जास्त तापमानाची मांडणी जास्त ढिली असते. त्यामुळे नाजूक द्रवांचा ताठपणा तापमानाबरोबर काचेच्या किंवा स्फटिकाच्या मानाने कितीतरी पट वेगाने घसरतो. उलट शुद्ध सिलिका काच तापवली तर तिचा ताठपणा कमी होण्याऐवजी किंचित वाढतो. तिच्यात अणूंचं भक्कम जाळं असतं आणि ते सहजासहजी ढिलं पडत नाही. टेकडीची उंची जवळजवळ स्थिर ठेवणारा सगळ्यात प्रसिद्ध द्रव नेमका तोच आहे, ज्याच्या काचेचा ताठपणा तापवूनही उतरत नाही. एकाच उदाहरणावरून सिद्धांत उभा राहत नाही, पण असं उदाहरण पाहून विश्वास जरा वाढतो हे खरं.

मोजणं सोपं नव्हतं. द्रवाला पळायला वेळ न देता त्याला हलवायचं, आणि त्याने किती विरोध केला ते मोजायचं. रोस्किल्डेच्या प्रयोगशाळेत त्यासाठी पिझोइलेक्ट्रिक पदार्थाच्या तीन पातळ चकत्या एकावर एक ठेवतात आणि मधल्या बारीक फटींमध्ये द्रव भरतात. विजेचा दाब दिला की चकत्या किंचित फुगतात-आक्रसतात, मधली एका दिशेने तर बाहेरच्या दोन्ही उलट दिशेने. फटीतला द्रव तिरका ताणला जातो. द्रव ताठ असेल तर चकत्यांना हलणं जड जातं, आणि ते त्यांच्या विद्युत धारकतेत दिसतं. हजार सेकंदांतून एकदा ते सेकंदाला हजारो वेळा इतक्या वेगवेगळ्या गतींनी हे करता येतं. एकाच उपकरणात ताठपणाही मिळतो आणि सैलावण्याचा काळही, त्याच द्रवाचा, त्याच तापमानाला. अशा मोजमापांतून बऱ्याच सेंद्रिय द्रवांसाठी ताठपणा भागिले तापमान आणि काळाचा लॉगॅरिदम यांचा आलेख सरळ रेषेच्या जवळ जातो. नुसतं तापमान घेतलं असतं तर तोच आलेख चांगलाच वाकडा येतो.

१९९८ मध्ये याच मंडळींनी त्याहून चलाख परीक्षा घेतली. द्रवाला काच-तापमानाजवळ एकदम थोडं थंड करून तसंच धरून ठेवलं. तापमान आता स्थिर, पण मांडणी अजून जुन्याच, जास्त तापमानाच्या थाटात. ती हळूहळू नव्या तापमानाशी जुळवून घेते. याला काचेचं वय वाढणं म्हणतात. तसतसा द्रव ताठ होतो, ताठ झाला की जुळवून घेणं मंदावतं, मंदावलं की ताठ होणंही रेंगाळतं. तापमान न बदलता टेकडी बदलतेय, म्हणजे दोष तापमानावर ढकलायची सोय नाही. तात्कालिक ताठपणा हेच या वाढत्या वयाचं घड्याळ म्हणून वापरता येतं, हे त्यांनी दाखवलं.

थरथर मोजून

याच कल्पनेला दुसऱ्या दारानेही जाता येतं. रेणू आपल्या जागी किती थरथरतो ते बघा. कोंडाळं ताठ असेल तर थरथर कमी, ढिलं असेल तर जास्त. लिंडेमन यांनी १९१० मध्ये स्फटिक वितळण्याबद्दल असंच म्हटलं होतं. त्या नियमाचं आजचं रूप असं: थरथर शेजाऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण दहाव्या भागावर गेली की स्फटिक टिकत नाही. द्रवाच्या बाबतीत बुखेनाऊ आणि झॉर्न यांनी १९९२ मध्ये सेलेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करून दाखवलं की पिकोसेकंदातली थरथर आणि श्यानता यांचं थेट नातं आहे. पिसाच्या दिनो लेपोरिनी यांच्या गटाने २००८ मध्ये अनेक द्रवांची आणि संगणकातल्या प्रारूपांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा ती जवळपास एकाच वक्ररेषेवर येऊन बसली. पिकोसेकंदात रेणू किती डुलतो ते सांगा, मिनिटांत द्रव किती वाहील ते सांगतो, असा हा प्रकार.

इथवर वाचून सगळं पटलं असेल तर थोडं थांबायला हवं. काचेच्या क्षेत्रात दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसणं हे काही फार मोठं यश नाही. थंड केलं की सगळंच वाढतं: ताठपणा, घनता, एकत्र हलणाऱ्या गटांचा आकार. अ‍ॅडम आणि गिब्ज यांच्या सूत्राशीही बऱ्याच द्रवांची आकडेवारी छान जुळते. दोन वेगवेगळी कारणं एकाच आलेखावर समाधानी दिसली तर निकाल कुणाच्या बाजूने द्यायचा? २००४ मध्ये नोविकोव्ह आणि सोकोलोव्ह यांनी काचेच्या दोन ताठपणांचं गुणोत्तर, म्हणजे दाबायला होणारा विरोध भागिले तिरका सरकवायला होणारा विरोध, द्रवाच्या नाजूकपणाशी सरळ नात्याने जोडलं होतं. मग इतरांनी आणखी काचा त्या आलेखावर टाकल्या आणि ठिपके विखुरले. घट्ट द्रवांचा ताठपणा महत्त्वाचा आहे हे त्याने खोटं ठरत नाही, पण कुठल्याही साध्या सरळ रेषेकडे जरा संशयाने बघायला शिकवतं. शिवाय रेटारेटीचं प्रारूप सगळा द्रव एकसारखा धरतं. प्रत्यक्षात घट्ट द्रवात एका कोपऱ्यात धांदल चालू असते आणि दोन-चार नॅनोमीटर पलीकडे सगळं चिडीचूप असतं.

गेल्या काही वर्षांत या वादात सगळ्यात मोठी ठिणगी पडली ती प्रयोगशाळेत नाही, संगणकात. वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्यांचा घट्ट द्रव संगणकात बनवतात. त्यात एक गैरवाजवी मुभा देतात: दूर असलेल्या दोन गोळ्यांना, एक लहान एक मोठा, थेट आपापसात जागा बदलू द्यायची. खऱ्या द्रवात असं घडत नाही, पण द्रवाची सरासरी मांडणी मात्र त्याने बदलत नाही. एवढ्या एका मुभेने सैलावण्याचा वेग अब्जावधी पटींनी वाढतो. आता विचार करा. मांडणी तीच, उपलब्ध मांडण्यांची संख्या तीच, एकत्र हलायला लागणाऱ्या गटांबद्दल मांडणी जे काही सांगते तेही तेच. तरी टेकडी जवळजवळ सपाट. माथ्यू व्यार आणि मायकल केट्स यांनी २०१७ मध्ये नेमका हाच मुद्दा उचलला: मांडणीत दडलेलं एखादं वाढतं अंतर हे मंदावण्याचं मुख्य कारण असतं, तर या मुभेने इतका फरक पडलाच नसता. अडथळा स्थानिक असला पाहिजे. जागांची अदलाबदल म्हणजे त्या त्या जागच्या गोळ्याने आकार बदलल्यासारखंच, आणि गोळ्यांना आकार बदलायची मुभा मिळाली की कोंडाळं मऊ पडतं, म्हणून टेकडी उतरते, असंही पुढे दाखवण्यात आलं. रेटणारा आणि शेजारी दोघेही अंग चोरू शकले तर बसमध्ये वळायला कितीसा जोर लागणार!

दुसरी बाजू गप्प बसली नाही. जागा बदलण्याची मुभा म्हणजे टेकडीला वळसा घालून जाणारा चोरदरवाजा आहे, असं तिचं म्हणणं. तो बंद असला की खऱ्या वाटेवर गटांचाच अडसर येतो, आणि दरवाजा उघडल्यावर वेग वाढला म्हणून मूळ वाटेवर अडसर नव्हता असं सिद्ध होत नाही. दोन्ही बाजूंकडे समीकरणं आहेत, आणि दोन्हींना तेच आकडे पुरतात. फरक पडेल तो अजून सावकाश, अजून थंड द्रवांत, जिथे एका सैलावण्याला तास आणि दिवस लागतात. तिथे ताठपणा आणि गटांचा आकार यांची भाकितं एकमेकांपासून दूर जायला हवीत. तिथली मोजमापं घ्यायची म्हणजे तीन चकत्यांच्या फटीत द्रव भरायचा, तापमान अंशाच्या लहानशा भागापर्यंत स्थिर धरायचं आणि आठवडे वाट बघायची.